पिठाचे हात

"तुम्ही लोक आमच्या बाजूने का आहात?"

२००७च्या फेब्रुवारीत एका ब्लड एल्फने मला हा प्रश्न विचारला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातल्या स्कार्लेट मोनॅस्टरी नावाच्या मठात आम्ही पाच जण लढायला शिरलो होतो. शेवटची लढाई संपली, लूट वाटून झाली, तिघे निघून गेले. रिकाम्या कॅथीड्रलमध्ये आम्ही दोघंच उरलो. तो लाल कपड्यांतला देखणा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, आणि माझं कॅरॅक्टर, एडिथ. पाठीत वाकलेली, कोपरांतून आणि गुडघ्यांतून हाडं बाहेर आलेली, मेलेली बाई. माझ्याकडे पुण्यात रात्रीचा सव्वा वाजला होता, त्याच्याकडे स्वीडनमध्ये पावणेनऊ. मी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही. खेळणारी म्हणून मला उत्तर ठाऊक होतं. १६ जानेवारीला नवं एक्स्पान्शन, म्हणजे खेळाचा वाढीव भाग आला, ब्लड एल्फ होर्ड या आमच्या पक्षात आले, आता ते आपल्या बाजूचे. पण त्याने मला विचारलंच नव्हतं. त्याने एडिथला विचारलं होतं.

आमचा सर्व्हर रोलप्लेचा होता. तिथे लोक नुसती लेव्हल वाढवायला येत नाहीत, आपल्या कॅरॅक्टरच्या तोंडून बोलायला येतात. बोलणं टाइप करायचं, हालचाल इमोटने लिहायची, आणि स्वतःचं काही सांगायचं असेल तर दुहेरी कंसात. 'जेवून येते, दहा मिनिटं' हे कंसात. बाकी सगळं त्या माणसाचं, जो तुम्ही नाही.

एडिथ मी २००६मध्ये केली. तिची गोष्ट समजायला खेळाची थोडी पूर्वकथा सांगावी लागेल. लॉर्डेरॉन हे माणसांचं मोठं राज्य. अँडोरहाल हे त्याचं धान्याचं ठाणं. तिथून गावोगाव गेलेल्या धान्यात रोग मिसळलेला होता. ज्याने खाल्लं तो मेला, आणि मेला तो पुन्हा उठला, लिच किंग या मेलेल्यांच्या राजाचा गुलाम होऊन. राज्य वाचवायला निघालेला राजपुत्र आर्थस शेवटी त्याच लिच किंगला जाऊन मिळाला आणि त्याने आपल्या बापालाच मारलं. पुढे लिच किंगची पकड सैल पडली तेव्हा काही मेलेल्यांना शुद्ध आली. सिल्व्हानास नावाच्या, आर्थसनेच मारून उठवलेल्या एका एल्फ सेनानीने त्यांना गोळा केलं. जळलेल्या राजधानीच्या पोटात, हिरव्या पाण्याच्या कालव्यांच्या काठी त्यांनी आपलं शहर वसवलं, अंडरसिटी. स्वतःला ते फोरसेकन म्हणवून घेतात. टाकून दिलेले.

आपल्याकडचा मुंजा, समंध, हडळ यांना देह नसतो, राहून गेलेली वासना असते. काय हवंय ते कळलं की त्यांची सोय लावता येते, नारळ, कोंबडा, एखादं लग्न. एडिथचं तसं नव्हतं. तिचा देह राहिला होता आणि हवं असं काहीच राहिलं नव्हतं. तिला आपल्या भुतांच्या गोष्टींतून उचलावं असं मला आधी वाटलं होतं, पण ते जमेना. मग मी तिला काम दिलं. एडिथ अँडोरहालजवळच्या एका खेड्यात पाव भाजायची. तिच्या माहितीत मी दोनच ओळी लिहिल्या : पाव भाजणारी, हात अजून पीठ मळल्यासारखे हलतात. त्या दुसऱ्या ओळीवर मी खूश होते. पहिल्या ओळीचा अर्थ मला दोन वर्षं कळला नाही.

तर तो प्रश्न. एडिथने जे उत्तर दिलं ते मराठीत असं होईल : "तुमच्या बाजूने नाही. बाजूला आहोत."

पॅलाडिनने मान झुकवली आणि तो निघून गेला. पुढची दोन वर्षं मी एडिथला याच एका वाक्यावर खेळवलं.

ब्लड एल्फ आले तेव्हा होर्डमध्ये बरीच कुरकुर झाली होती. ऑर्क, ट्रोल, टॉरेन या होर्डच्या जमाती खेळणाऱ्या जुन्या लोकांना वाटायचं, ही आपली राकट, धुळीने माखलेली बाजू, यात ही सोनेरी केसांची मंडळी कुठून घुसली? पण ऑर्कचा राग आणि फोरसेकनचा राग एक नव्हता, आणि मला त्यातला फरक खेळायचा होता. एडिथ जिवंत असताना एके काळी लॉर्डेरॉन आणि एल्फांचं राज्य एकाच युतीत होती. सिल्व्हानास तर त्यांच्याच सैन्याची प्रमुख, त्यांचंच राज्य वाचवताना मेलेली. तेव्हा खेळात सिल्व्हरमूनला, एल्फांच्या राजधानीत गेलात तर जंगलातून शहराला चिरत गेलेला एक काळा पट्टा दिसायचा. गवताचं पातं उगवायचं नाही त्यावर. आर्थसची मेलेली फौज तिथून चालत गेली होती. खेळाच्या कथेत दहापैकी नऊ एल्फ त्यात गेले. म्हणजे एल्फ जेव्हा एडिथकडे बघतो तेव्हा त्याला एक म्हातारी बाई दिसत नाही, त्या पट्ट्यावरून चालत आलेली पावलं दिसतात. आणि एडिथ त्याच्याकडे बघते तेव्हा तिला दिसतो आपल्या जुन्या जगातला एक माणूस, जो अजून जिवंत आहे.

दोघं बोलायचे ऑर्किशमध्ये. खेळ तुम्हाला दुसरी सोयच ठेवत नाही, होर्डची सामाईक भाषा ती. एके काळी दोघांच्या लोकांनी ज्या ऑर्कांविरुद्ध एका बाजूने लढाई केली, त्यांच्याच भाषेत आता एकमेकांना 'सांभाळून' म्हणायचं. हे लक्षात आल्यावर मी एडिथचं बोलणं बदललं. ती छोटी वाक्यं बोलायला लागली, शिकलेल्या भाषेत माणूस बोलतो तशी. तो स्वीडिश मुलगा आणि मी, आम्हीही इंग्रजीत बोलत होतो. आमच्या दोघांचीही ती भाषा नव्हती. एका रात्री त्याने कंसात लिहिलं की एडिथ बोलते तशी त्याची आजी इंग्रजी बोलते. मला फार बरं वाटलं.

नावडत्या सोबत्याशी कसं वागायचं हे रोलप्लेमधलं अवघड काम आहे. नवीन लोक अबोला धरतात. आपलं कॅरॅक्टर एल्फांचा द्वेष करतं म्हणून एल्फ आला की पाठ फिरवायची. दोन मिनिटं ते भारी दिसतं, पण समोरच्याला करायला काही उरत नाही आणि सीन मरतो. काही जण भांडणावर उतरतात, त्यात तर दोघांचीही रात्र वाया जाते. मी एडिथला टोमणा आणि काम असं दोन्ही दिलं. ती पॅलाडिनपासून दोन पावलं लांब उभी राहायची. त्याच्या हातून काही घ्यायची नाही, 'जमिनीवर ठेव' म्हणायची. तिने जवळजवळ दोन वर्षं त्याचं नाव घेतलं नाही, आणि तेवढाच काळ त्याला मरूही दिलं नाही.

कारण ती प्रीस्ट होती. हील करणं, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरून आणणं, तिचं काम. माझ्या खोलीतलं इंटरनेट असं होतं की बटण दाबल्यावर बरं होणं क्षणभर उशिराने दिसायचं, त्यामुळे त्याच्यावर वार पडायच्या आधीच मला हात उचलावा लागायचा. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष ठेवायचं. पुढे काही वर्षांनी खेळ बनवणाऱ्यांनी एका प्रश्नोत्तरात सांगितलं, की फोरसेकन प्रीस्ट जेव्हा लाइटची, म्हणजे पवित्र प्रकाशाची शक्ती वापरतात तेव्हा आपलं सगळं अंग पवित्र आगीत जळतंय असं त्यांना वाटतं. ते वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. मोनॅस्टरीतल्या त्या एका रात्री मी त्या पोराला किती वेळा हील केलं असेल! प्रत्येक वेळी एडिथ जळत होती, आणि मला ते माहीत नव्हतं. पण तिचं दोन पावलं लांब उभं राहणं, काम झालं की हात मागे घेणं, मी आधीच लिहून बसले होते.

१३ नोव्हेंबर २००८ला दुसरं एक्स्पान्शन आलं आणि त्याबरोबर डेथ नाइट आले.

एडिथच्या दृष्टीने याहून वाईट सोबती असू शकत नव्हता. डेथ नाइट म्हणजे लिच किंगचे सरदार. खेळणाऱ्याला सुरुवातीचे काही तास त्याच्याच चाकरीत काढावे लागतात. खेडी जाळायची, पळणाऱ्या लोकांना मारायचं. एका ठिकाणी तर तुमच्याच जमातीचा एक कैदी समोर आणतात. तो तुम्हाला ओळखतो, तुम्ही पूर्वी कोण होतात ते आठवून देतो, आणि त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मग एका लढाईत हे सरदार लिच किंगच्या तावडीतून सुटतात आणि होर्डमध्ये आसरा मागायला येतात. हातात शिफारशीचं पत्र घेऊन डेथ नाइट ऑर्ग्रिमारच्या, होर्डच्या राजधानीच्या रस्त्यावरून थ्रॉलकडे, होर्डच्या तेव्हाच्या प्रमुखाकडे चालत निघायचा, तेव्हा शहरातले लोक त्याच्यावर थुंकायचे, सडकी सफरचंदं आणि केळी फेकायचे. हे सगळं खेळातच लिहिलेलं आहे, कुणा खेळाडूने केलेलं नाही.

त्या आठवड्यात एडिथ त्या रस्त्याच्या कडेला उभी होती. आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या गटातल्या एका पोर्तुगीज मुलाने डेथ नाइट केला होता, तोही मूळचा लॉर्डेरॉनचाच, मेलेला माणूस. अंगावर सफरचंद फुटल्यावर तो एडिथसमोर थांबला आणि त्याने वाकून नमस्कार केला. एडिथने विचारलं, "तू माझ्या गावातून गेला होतास का?" त्याने लिहिलं, "गावांची नावं मला सांगत नसत."

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही खंत आहे. एडिथ तिच्या गावातल्या मेलेल्यांची नावं सांगायला लागली. लोहार, लोहाराची बायको, त्यांची तीन मुलं, विहिरीजवळची म्हातारी. एकामागून एक. त्याला मध्ये बोलायला जागाच दिली नाही. सलग पंधरा मिनिटं. लिहिताना मला फार चांगलं लिहितेय असं वाटत होतं, हातांना वेग आला होता. मी थांबले तेव्हा त्याची एकच ओळ आली, कंसात. ((आज एवढंच पुरे.)) आणि तो लॉग आऊट झाला.

दुसऱ्या दिवशी मी व्हिस्पर करून, खेळातच खासगी निरोप पाठवून माफी मागितली. तो चांगला मुलगा होता. राग नाही म्हणाला, पण पुढे म्हणाला, तू त्याला उभं राहायला जागाच ठेवली नाहीस.

सकाळी आईने विचारलं की रात्री एवढा वेळ काय टाइप करत होतीस. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, कुठलंही इंग्रजी नाव न घेता. एक राक्षस राजा होता, त्याच्याकडून पळून आलेला एक सरदार आश्रय मागायला आला, आणि ज्यांनी आधीच आश्रय घेतला होता त्यांतली एक बाई त्याला नको म्हणाली.

"म्हणजे सुग्रीवच की," आई पोहे परतता परतता म्हणाली.

मी विभीषणाचा विचार केला होता, सुग्रीवाचा नाही. आईने सांगितलं : विभीषण शरण आला तेव्हा सगळ्यांत जास्त विरोध सुग्रीवाने केला. जो संकटात भावाला सोडून आला तो उद्या कुणालाही सोडून जाईल, असं म्हणाला. आणि ते ऐकून राम लक्ष्मणाकडे बघून थोडा हसला. "का हसला असेल सांग? सुग्रीव स्वतः कसा राजा झाला होता?"

मी पोह्यांची बशी घेऊन जागेवर बसले. वालीचा भाऊ विभीषणाला सांगतोय की तू तुझ्या भावाला सोडलंस. आणि माझी एडिथ, पाव भाजणारी एडिथ, त्या डेथ नाइटला विचारतेय की माझ्या गावाला कुणी मारलं.

अँडोरहालचं धान्य. मीच लिहिलं होतं ते, पहिल्याच दिवशी, दोन ओळींत. लोहाराच्या घरी पाव कुणी पोचवला? विहिरीजवळच्या म्हातारीला फुकट कोण द्यायचं? तिला माहीत नव्हतं, तिची काही चूक नव्हती, हे सगळं खरं. पण डेथ नाइटच्याही हातांवर त्याची मर्जी चालत नव्हती. गावातली एकेक नावं तिला एवढी पाठ होती, कारण रोज सकाळी ती त्या दारांवरूनच जात होती. ते पंधरा मिनिटांचं लांबलचक बोलणं मी दुःख म्हणून लिहिलं होतं. ती गिऱ्हाइकांची यादी होती.

पुढच्या काही आठवड्यांत खेळानेच एडिथला त्या डेथ नाइटच्या रांगेत नेऊन उभं केलं. उत्तरेला लिच किंगच्या किल्ल्याच्या राथगेट नावाच्या दारात होर्ड आणि तिचा शत्रुपक्ष अलायन्स दोघंही लिच किंगसमोर उभे असतात. तेवढ्यात वरच्या कड्यावर फोरसेकनांचा मुख्य औषधं बनवणारा पुट्रेस येतो आणि आपला नवा रोग सगळ्यांवरच सोडतो, शत्रूवर आणि सोबत्यांवरही. पहिल्यांदा ते बघताना मी खुर्चीत पुढे सरकले होते. मग अंडरसिटीत बंड, ते मोडायला थ्रॉल आणि सिल्व्हानास यांची चढाई, आणि त्यानंतर एक बदल जो खेळात पुढेही राहिला : अंडरसिटीच्या कालव्यांकाठी, जिथे आधी आमचे स्वतःचे पहारेकरी असायचे, तिथे थ्रॉलचे ऑर्क शिपाई उभे राहिले. आमच्यावर नजर ठेवायला.

फोरसेकनांना होर्डमध्ये घ्यावं म्हणून कुणी शब्द टाकला होता हे मी तेव्हा पुन्हा वाचून काढलं. टॉरेनांचा हामुल रूनटोटेम. त्याचं म्हणणं असं, की या लोकांत अजून सुधारायची शक्यता आहे. थ्रॉलची मनापासून तयारी नव्हती, सोय म्हणून तो हो म्हणाला. म्हणजे 'बाजूला आहोत' हे एडिथने एल्फाला ऐकवण्याच्या कितीतरी आधी ऑर्कांनी एडिथबद्दल म्हणून झालं होतं. अडचणीचा सोबती कोण, याचं उत्तर मी दोन वर्षं समोर शोधत होते.

ते शिपाई आल्यानंतर एडिथ कालव्याच्या काठावर, बँकेच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. मी काही न लिहिता तिला नुसती बसवायचे. ऑर्क शिपाई ठरलेल्या वाटेने यायचा, वळायचा, जायचा. एक दिवस स्वीडिश मुलाचा पॅलाडिन आला आणि शेजारी बसला, दोन पावलं अंतर ठेवून, तिच्याच पद्धतीने. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. एडिथने पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. तो काही बोलला नाही. शिपाई तिसऱ्यांदा वळला तेव्हा पॅलाडिनने लिहिलं, "आमच्या शहरात पण तुमच्याकडे असंच बघतात." मग जरा थांबून, "मी पण बघायचो."

जानेवारीत मी एडिथला स्वयंपाक शिकवला. खेळात तो वेगळा शिकावा लागतो, आणि मी तिला तो कधीच शिकवला नव्हता. ती अळंबी खायची, फोरसेकन तेव्हा त्याच शिदोरीवर सुरुवात करायचे. पाव मी तिला कधीच खाऊ दिला नव्हता. स्वयंपाकाच्या सुरुवातीच्या यादीतच मसाल्याचा पाव असतो. लागतं काय, तर साधं पीठ आणि थोडा मसाला. तांब्याच्या थोड्याशा नाण्यांचं काम. दुकानातून पीठ घेतलं आणि बॅगेत त्या पिठाचं चित्र दिसलं, तेव्हा माझा हात माउसवर थांबला.

डेथ नाइटला मी ब्रिलच्या, अंडरसिटीजवळच्या गावाच्या रस्त्यावर बोलावलं. आधी कंसात विचारलं, ((त्या दिवशीचं पुढे न्यायचं का? या वेळी तू सुरुवात कर.)) तो हो म्हणाला. एडिथने रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवली. त्या तिरिस्फल भागात कायम संध्याकाळसारखा उजेड असतो, त्यात ती एवढीशी आग. डेथ नाइट आगीच्या पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "मी आठवायचा प्रयत्न केला. एका गावात विहीर होती. ते तुझं असेल असं नाही."

एडिथने मान हलवली. मग मी लिहिलं की ती पीठ मळतेय, आणि बराच वेळ दुसरं काही लिहिलं नाही. खेळात पाव व्हायला काही सेकंद लागतात, पट्टी भरत जाते आणि बॅगेत एक वस्तू वाढते. ती भरत असताना एडिथ बोलली. "तुमची फौज आली तेव्हा गावात मारायला कुणी उरलं नव्हतं. गाव आधीच गेलं होतं. सकाळचा पाव मी पोचवला होता."

पोर्तुगालमधून बराच वेळ काही आलं नाही. डेथ नाइट खाली बसला.

मी ट्रेडची खिडकी उघडून पाव त्यात ठेवला. आणि मग थांबले. तो काढून परत बॅगेत घेतला. एडिथने पावाचा तुकडा मोडला आणि आधी स्वतःच्या तोंडात टाकला. मी तिला खायला बसवलं, खेळात खाताना बसावंच लागतं. "तेव्हा मी शेवटी खाल्ला होता," ती म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर."

उरलेला पाव तिने पुन्हा पुढे केला. डेथ नाइटने हातमोजा काढल्याचं लिहिलं.